धुपाटणं

लर्विकला डिसेंबरात तीन वाजता दिवस मिटतो.
मब्रूका मासळीच्या कारखान्यातून येते,
बोटं बर्फ झालेली,
माझ्या रेडिएटरवर हात ठेवून म्हणते,
"यातलं थोडं आमच्याकडचं असेल, बघ."
देशाचं नाव ती घेत नाही. आमच्याकडे, एवढंच.
आमच्याकडे पिंपाचा भाव पडला की पाव लहान होतो.
आमच्याकडून पत्र निघतं, पोचत नाही.
आमच्याकडे धावपट्टीवर शेळ्या चरतात,
आणि मंत्र्याच्या मुलाच्या लग्नात
बर्फाचा हंस, माणसाएवढा.

मी विहिरी बुजवते.
समुद्राच्या तळाखाली, उपसून रिकाम्या झालेल्या;
त्यांच्या घशात ओतायचं सिमेंट कसं कालवायचं ते ठरवते.
उरणला वडील रात्रपाळीत तेल वाहतं ठेवायचे.
विहीर खणणाऱ्याचं पुण्य आमच्यात सांगून ठेवलंय,
बुजवणारीच्या खात्यावर काय पडतं
ते कुणी लिहिलेलं नाही.

शनिवारी वरच्या मजल्यावरची ऑस्ला खाली येते,
ब्याऐंशी वर्षांची, विणकाम काखेत.
तरुणपणी ती कौन्सिलात टायपिस्ट होती.
"कंपनीचे लोक आले," ती सांगते, "चकचकीत बूट,
आमच्या चिखलाची ओळख नसलेले.
आमचा एक सभासद, घरी मेंढ्या,
म्हणाला, शेवटचं कलम आधी लिहू.
तेल संपेल त्या दिवशी धक्का कुणाचा,
गंजलेल्या टाक्या कोण उचलणार,
म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण कोण देणार.
हे झाल्यावर मग पहिलं पान.
मी तीनदा टाइप केलं, तिन्ही वेळा ते हसले.
चौथ्यांदा सही केली."
टाके मोजत थांबते जरा.
"सगळंच जमलं असं नाही हं.
पोहायचे तलाव फार बांधले आम्ही."

मब्रूका हसत नाही.
"आमच्याकडे 'संपेल' हा शब्द छापता येत नाही.
माझ्या भावानं फळ्यावर लिहिला,
भूगोलाच्या तासाला. इद्रीसनं.
अकरा महिने."
पुढे थोडा वेळ किटलीच बोलते.

मग माझ्या विजेच्या बिलामागे ती लिहायला घेते.
तिची लिपी उजवीकडून निघते,
माझी ओळ जिथे संपते तिथून.
काय गं, मी विचारते. ती वाचून दाखवते:
मीटर चौकात, सगळ्यांना दिसेल असं.
इद्रीसला त्याचा वर्ग परत.
खजुरांखालचं पाणी आधी मोजायचं, तेल नंतर.
मोठ्या नळाची चावी एकाच खिशात नको.
शेजाऱ्यांशी बोलणं, निदान टोमॅटो विकण्यापुरतं.
आणखी एक ओळ लिहून खोडते.
काय होती, सांगत नाही.

मला नको तेव्हा म्हण आठवते
आणि मी ती सांगून बसते:
तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.
"धुपाटणं म्हणजे?"
निखाऱ्यावर धूप टाकायचं भांडं, पितळी, दांड्याचं.
म्हणजे, हाती काहीच उरलं नाही, असं.
"आमच्याकडेही असतं," ती म्हणते,
"आई त्यावर ओले कपडे धरायची.
निखारा राहतो ना त्यात?"
राहतो.
"मग काहीच नाही कसं?"
ऑस्लाची सुई थांबलेली असते.
माझ्या भाषेची बाजू घ्यावी
असं मला काही सुचत नाही.

बिल सोमवारी भरायचं होतं.
हेलिकॉप्टर सुटायच्या आधी, ऑफिसात,
मी त्याची झेरॉक्स काढली,
फक्त मागच्या बाजूची.
खोडलेली ओळ झेरॉक्समध्ये
जास्तच काळी उमटली.